मुंग्यांच्या घरात किती अंश? जवळजवळ तीनशे वर्षांचा एक प्रश्न

आपल्या मंडळाच्या मराठी शाळेतल्या मुलांना अलीकडे एक नवा छंद लागला आहे. मुले मुंग्या पाळू लागली आहेत. उन्हाळ्यात पंखवाल्या मुंग्या उडतात, त्यांतली एखादी राणी पंख टाकून अंगणातल्या फरशीवर हिंडताना सापडते. मुले तिला टेस्ट ट्यूबमध्ये ठेवतात. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, आणि तोंडाशी दुसरा बोळा. महिना-दीड महिन्यात पहिल्या चार-पाच कामकरी मुंग्या जन्माला येतात आणि घरात उत्सव होतो. आई-बाबांना आधी किळस येते, मग कुतूहल वाटते, आणि मग ते मला विचारतात, "सर, हे किती टेंपरेचरवर ठेवायचं?"

आयुष्यभर मी थर्मोडायनॅमिक्स शिकवले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येत असावा. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. वाचकहो, आकडे मी शेवटी देणार आहेच. पण त्याआधी या प्रश्नाचा इतिहास सांगू द्या. ज्यांनी ज्यांनी हा प्रश्न मन लावून विचारला, त्यांना उत्तरात एक आकडा मिळालाच नाही, आणि का मिळाला नाही हे कळले की पुढचे सगळे सोपे होते.

हे आताच सांगण्याला एक कारण आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी हीटिंग सुरू झालेले असेल. ज्यांच्या घरी अशी नळी आहे त्यांना येत्या दोन-तीन आठवड्यांत एक निर्णय घ्यावा लागेल. नळीतली राणी पुढची दहा वर्षे जगणार की दोन, हे बरेचसे त्या निर्णयावर अवलंबून आहे.

थर्मामीटरवाला माणूस

सुरुवात पॅरिसमध्ये होते. रेओम्यूर हे नाव शाळेत भौतिकशास्त्र शिकलेल्या जुन्या मंडळींना आठवेल. सेल्सिअस, फॅरनहाइट आणि रेओम्यूर अशा तीन मापांची गणिते आम्हाला सोडवावी लागत. रेओम्यूरच्या मापात पाणी ० अंशाला गोठते आणि ८० अंशांना उकळते. हे माप त्याने १७३० च्या सुमारास मांडले. पण हाच माणूस त्या काळातला कीटकांचा सर्वांत मोठा अभ्यासक होता, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

त्याने एक साधा प्रयोग केला. फुलपाखरांचे काही कोष भर हिवाळ्यात राजाच्या बागेतल्या उबदार काचघरात ठेवले आणि काही थंड तळघरात. काचघरातली फुलपाखरे हिवाळ्यातच बाहेर पडली. तळघरातल्या कोषांचा काळ लांबत गेला. कीटकाचे वय दिवसांत मोजायचे नसते, त्याला मिळालेल्या उष्णतेत मोजायचे असते, ही कल्पना इथून आली. पिकाला कापणीपर्यंत एकूण किती उष्णता लागते याची बेरीजही त्यानेच पहिल्यांदा मांडली. आजचे कृषिशास्त्र ती बेरीज अजून वापरते.

१७४२-४३ च्या सुमारास त्याने मुंग्यांवर एक ग्रंथ लिहिला. काचेच्या भांड्यांत मुंग्या ठेवून तो त्यांना पाहत असे. ग्रंथ मात्र छापला गेला नाही. हस्तलिखित पॅरिसमध्ये पडून राहिले आणि १९२६ मध्ये अमेरिकन मुंगीतज्ज्ञ विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी ते इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले. म्हणजे ज्याच्या हातात थर्मामीटर आणि मुंग्या दोन्ही होते, त्याचे म्हणणे जगाला पावणेदोनशेहून अधिक वर्षे उशिरा कळले.

पिल्लांची ने-आण

मधल्या काळात जिनीव्हाच्या पिएर ह्यूबर याने १८१० मध्ये मुंग्यांवर पुस्तक लिहिले. त्याचे वडील फ्रांस्वा ह्यूबर हे मधमाश्यांचे थोर अभ्यासक, आणि ते अंध होते. निरीक्षण म्हणजे काय हे या घरात वेगळ्याच रीतीने शिकले गेले असणार.

ह्यूबरने पाहिले की सकाळी ऊन वारुळावर पडले की कामकरी मुंग्या अळ्या आणि कोष उचलून वरच्या मजल्यांवर आणतात. ऊन फार चढले की पुन्हा खाली नेतात. रोज, न चुकता. आपल्याकडे आजी बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात घेऊन बसते आणि ऊन तापले की आत आणते, तसेच.

मुंगी स्वतःच्या अंगात उष्णता साठवून ठेवू शकत नाही. तिचे शरीर इतके लहान असते की भोवतालचे तापमान तेच तिचे तापमान. मग तिने घर असे बांधले की त्यात एकाच वेळी अनेक तापमाने असतील, आणि पिल्लांना हव्या त्या खोलीत नेता येईल. जमीन यात तिला मदत करते. साधारण ओलसर मातीत दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक खोलीबरोबर झपाट्याने कमी होतो. फूटभर खाली तो पृष्ठभागावरच्या फरकाच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतका उरतो. म्हणजे वारुळात वर ऊन, खाली सावली, मधे सगळ्या पायऱ्या. टेस्ट ट्यूबमध्ये यातले काहीच नसते.

पुण्याच्या मैदानावरच्या राशी

या इतिहासात आपले पुणेही येते. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला विल्यम साइक्स हा अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होता. दख्खनच्या हवामानाची मोजमापेही त्याने केली आणि पुढे लंडनमध्ये प्रसिद्ध केली. पुन्हा तोच योग, थर्मामीटर आणि मुंग्या.

१८२९ च्या जूनमध्ये पुण्यात सकाळी फिरायला निघाला असताना साइक्सला मोकळ्या जमिनीवर गवताच्या बियांच्या छोट्या राशी दिसल्या. जोरदार पावसाने बियांची कोठारे भिजली होती, म्हणून मुंग्यांनी त्या बाहेर वाळत घातल्या होत्या. भिजलेले धान्य पहिल्या उघडिपीला अंगणात पसरणारी आपली माणसे त्याने पाहिली असतीलच. ही मुंगी त्याने १८३५ मध्ये नोंदवली आणि तिला 'प्रोव्हिडेन्स' म्हणजे 'तरतूद करणारी' असे नाव दिले.

त्याने दुसरी एक गोष्ट लिहिली आहे. गोड पदार्थांच्या टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले, पायांना टर्पेंटाइन लावले, तरी मुंग्या आल्याच. पाहतो तो त्या भिंतीवर चढून वरून खाली पदार्थांवर पडत होत्या. त्या मुंगीचे नाव त्याने 'इंडेफेसा', म्हणजे 'न थकणारी' असे ठेवले. दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणाऱ्या घरांत वाढलेल्या आपल्या पिढीला यात नवल वाटणार नाही.

बँकर आणि त्याची राणी

पाण्याची तीच युक्ती इंग्लंडमध्ये उलट्या कामाला लागली. सर जॉन लबक हे बँकर, पार्लमेंटचे सभासद आणि डार्विनचे शेजारी. इंग्लंडला बँक हॉलिडे मिळाला तो त्यांच्या १८७१ च्या कायद्यामुळे. त्यांनी दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर देऊन मुंग्यांचे घर तयार केले, ते खांबावरच्या फळ्यांवर ठेवले आणि भोवती पाण्याचा खंदक केला. मुंग्यांना बाहेर ठेवण्याऐवजी आत ठेवण्यासाठी. १८८२ मध्ये आलेले त्यांचे मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरचे पुस्तक फार लोकप्रिय झाले.

त्यांच्याकडची एक राणी १८७४ च्या डिसेंबरपासून १८८८ च्या ऑगस्टपर्यंत जगली. जवळजवळ चौदा वर्षे. एवढासा कीटक इतका जगतो यावर तेव्हा लोकांचा विश्वास बसणे कठीण होते. पुढे काळ्या बागमुंगीची एक राणी पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद झाली. घरात कुत्रा आणताना आपण दहा-बारा वर्षांचा विचार करतो. राणी मुंगी घरात आणताना तसाच विचार करायला हवा.

लबक यांच्या घराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळच्या इंग्रजी घरांत आजच्यासारखी चोवीस तास एकसारखी ऊब नसे. उन्हाळा आत येई, तसा हिवाळाही आत येई. मुंग्यांना थंडी आपोआप मिळत होती. तिची किंमत कळली ती पुढे, ती मिळेनाशी झाल्यावर.

निवड मुंग्यांवर सोपवणारे घर

मुंगीघरात खरा बदल केला तो शार्ल जाने या फ्रेंच अभियंत्याने, १८९० च्या दशकात. त्याने प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या ठोकळ्यात एका ओळीत खोल्या कोरल्या, वर काच बसवली आणि एका टोकाच्या खळग्यात पाणी भरले. प्लॅस्टर पाणी शोषून घेते, त्यामुळे पाण्याजवळची खोली ओली, तिच्या पुढची दमट, शेवटची कोरडी. किती ओल हवी हे जानेने ठरवले नाही. त्याने पायऱ्या दिल्या आणि निवड मुंग्यांवर सोपवली. अभियंत्यांनी शिकावा असा हा धडा आहे. उत्तर माहीत नसेल तेव्हा ज्याला ते माहीत आहे त्याला निवडायची सोय करून द्यावी.

अमेरिकेत अ‍ॅडेल फील्ड यांनी याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत काचेची, हातात धरून नेता येतील अशी घरे तयार केली. बाई आधी चीनमध्ये मिशनरी होत्या. मुंग्यांवरचे त्यांचे काम साठीच्या आसपासचे. निवृत्तीनंतर काय करावे असे विचारणाऱ्या माझ्या मित्रांना मी त्यांचे नाव सांगतो. मुंगीच्या वाढीवर तापमानाचा काय परिणाम होतो, यावर त्यांनी १९०५ मध्ये निबंध लिहिला.

मग आले एक खगोलशास्त्रज्ञ. हार्लो शॅप्ली यांनी आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही हे दाखवून दिले. रात्री कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर काम आणि दिवसा मोकळा वेळ. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती, आणि झुडपाच्या सावलीत शिरली की मुंगीचा वेग कमी होत होता. शॅप्लींनी स्टॉपवॉच आणि थर्मामीटर घेतले. १९२० मध्ये त्यांनी दाखवले की तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसवरून ३८ अंशांवर गेले तर मुंगीचा वेग जवळजवळ पंधरापट होतो. वेग मोजून ते तापमान एका अंशाच्या फरकाने सांगू शकत. मुंगी म्हणजे चालता-फिरता थर्मामीटरच.

पण भरभर पळणारी मुंगी सुखात असते का? आपला खरा प्रश्न हाच आहे.

भूक आणि ऊब

याचे उत्तर मिळाले अमेरिकेच्या दक्षिणेत, लाल आगमुंग्यांवर. सॅनफर्ड पोर्टर यांनी १९८८ मध्ये दाखवले की या मुंग्यांची वसाहत साधारण २४ ते ३६ अंश सेल्सिअस या पट्ट्यात वाढते आणि ३२ च्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. झाले, मिळाला आकडा, असे कोणालाही वाटेल. पण १९९३ मध्ये पोर्टर आणि वॉल्टर चिंकेल यांनी मुंग्यांनाच निवड करू दिली. एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला थंड अशी जागा दिली. पोट भरलेल्या वसाहती पिल्लांना घेऊन तिशीच्या वर, उबेत गेल्या. उपाशी वसाहतींनी थंड जागा निवडली. ज्या कामकरी मुंग्यांवर पिल्लांचे काम नव्हते, त्याही थंड बाजूला राहिल्या.

यामागचा हिशोब गृहिणीला लगेच कळेल. उष्णता वाढली की पिल्ले लवकर वाढतात, पण खातातही जास्त, आणि कामकरी मुंगीचे आयुष्य घटते. घरात अन्न भरपूर असेल तर आच वाढवावी, नसेल तर मंद ठेवावी. म्हणजे एकाच जातीच्या, एकाच वसाहतीचे 'योग्य' तापमान आज जेवायला काय मिळाले यावर ठरते.

अर्जेंटिनात फ्लावियो रोसेस आणि होसुए नुन्येस यांनी १९८९ मध्ये एका सुतारमुंगीच्या बाबतीत आणखी बारकावा दाखवला. पिल्ले सांभाळणाऱ्या मुंग्या दिवसाच्या मध्याला त्यांना ३०.८ अंशांवर नेत आणि काही तासांनी २७.५ अंशांवर. एकाच दिवसात दोन योग्य तापमाने! ह्यूबरने १८१० मध्ये जे डोळ्यांनी पाहिले, ते इथे दशांश चिन्हापर्यंत मोजले गेले.

खिडकीतला डबा

दरम्यान मुंगीघर खेळण्यांच्या दुकानात पोहोचले. १९५६ मध्ये मिल्टन लेव्हिन यांनी प्लॅस्टिकच्या दोन पारदर्शक भिंतींमध्ये वाळू भरलेले 'अँट फार्म' बाजारात आणले. त्याचे दोन कोटींहून अधिक नग विकले गेले. त्यात राणी नसे. टपालाने येणाऱ्या कामकरी मुंग्या काही आठवडे, फार तर काही महिने जगत आणि संपत. मुंग्या म्हणजे थोड्या दिवसांची करमणूक, अशी समजूत त्यातून रुजली असे मला वाटते.

आजची मुले राणी ठेवतात, म्हणून त्यांची जबाबदारी मोठी आहे. आणि त्यांच्या अडचणीही नव्या आहेत. आपल्या घरात बारा महिने ७० अंश फॅरनहाइट असते आणि बाजारात हीटिंग मॅट मिळते. मूल प्रेमापोटी नळी आख्खी मॅटवर ठेवते. पहिल्या वर्षी वसाहत झपाट्याने वाढते. पण इथल्या थंड प्रदेशातल्या मुंग्यांची घडण हिवाळा धरून झालेली असते. विश्रांती न मिळाल्यास राणी अंडी देणे कमी करते किंवा थांबवते, अळ्या वाढत नाहीत, आणि वसाहत हळूहळू ओसरते. मुलाला वाटते आपले काहीतरी चुकले. खरे तर त्याने कमी केलेले काहीच नसते, जास्तच केलेले असते.

आता आकडे

आधी जात ओळखा. आपल्याकडे शहरात सर्वांत सहज सापडते ती फरसबंदीवरची छोटी तपकिरी मुंगी. ती मूळची युरोपातली, आणि तिच्या शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द आहे 'इमिग्रान्स'. आपल्यासारखीच. याशिवाय काळी सुतारमुंगी आणि बागमुंगी. या तिन्हींना हिवाळा लागतो. फ्लोरिडासारख्या उष्ण भागातल्या जातींना तो लागत नाही.

वाढीच्या दिवसांत, म्हणजे वसंतापासून शरदापर्यंत, घराच्या एका टोकालाच ऊब द्या. साधारण एक तृतीयांश भागाला २६ ते २८ अंश सेल्सिअस, म्हणजे ७९ ते ८२ फॅरनहाइट. उरलेला भाग खोलीच्या तापमानाला, २० ते २२ सेल्सिअसला राहू द्या. दोन्ही टोकांना छोटा थर्मामीटर लावा. टेस्ट ट्यूब असेल तर पाण्याची बाजू कधीही तापवू नका. पाण्यामागे अडकलेली हवा प्रसरण पावते आणि बोळ्यातून पाणी राणीच्या अंगावर ढकलते. उन्हाच्या खिडकीत तर काहीच ठेवू नका. छोट्या काचघराची उष्णता साठवण्याची ताकद नगण्य असते, दुपारच्या उन्हात ते काही मिनिटांत जीवघेणे तापते.

मग एक-दोन दिवस थांबा आणि पिल्ले कुठे आहेत ते पाहा. उबेच्या बाजूला रचलेली असतील तर सारे ठीक. सगळ्या जणी अगदी गरम कडेला चिकटल्या असतील तर ऊब कमी पडते आहे. पिल्ले सर्वांत दूरच्या थंड टोकाला नेली असतील तर मॅट लगेच बंद करा. तुमच्या थर्मामीटरपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा.

आणि हिवाळा. दिवाळीनंतर मॅट काढून टाका. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू थंड जागेकडे न्या. आधी बेसमेंट, मग ४ ते १० अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ४० ते ५० फॅरनहाइट राहील अशी जागा. गोठणार नाही असे गॅरेज चालते, फ्रिजचा खालचा कप्पाही चालतो. तीन ते चार महिने. अन्न नको, पण पाणी हवे, ते आठवड्याला एकदा तपासा. मुंग्या एकत्र गोळा होऊन जवळजवळ निश्चल बसतील. मुलांना सांगा, मेल्या नाहीत, झोपल्या आहेत. मार्चमध्ये तितक्याच सावकाश परत आणा.

एक कायद्याची गोष्टही सांगितली पाहिजे. अमेरिकेत जिवंत मुंग्या एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यासाठी कृषी खात्याचा परवाना लागतो. भारतातून येताना तर मुंगी आणण्याचा विचारही करू नका, कितीही ओळखीची असली तरी. ज्या आगमुंग्यांनी पोर्टर आणि चिंकेल यांना इतके शिकवले, त्या अमेरिकेत आल्या दक्षिण अमेरिकेतून, जहाजांच्या मालाबरोबर, आणि त्यांनी केलेले नुकसान अजून भरून निघालेले नाही. आपल्याच अंगणात सापडलेली राणी सर्वांत बरी. तिला इथली हवा ठाऊक असते.

थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवायचा यावरून आपल्या घरोघरी नवरा-बायकोत, सासू-सुनेत आणि मुलांत दर हिवाळ्यात चर्चासत्रे होतात. मुंग्यांनी ती चर्चा फार पूर्वी मिटवली आहे. घरात उबेची एक खोली आणि थंड एक खोली ठेवायची, आणि ज्याला जे हवे त्याने तिथे बसायचे. रेओम्यूरपासून आजवर माणसाने थर्मामीटर सुधारत नेला. उत्तर मात्र नळीच्या कोणत्या टोकाला पिल्ले ठेवली आहेत, यातच होते.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी नळी आहे त्यांनी फराळाचे डबे आवरले की मुलांना हाक मारावी आणि मॅटचा प्लग काढण्याचे काम त्यांच्याच हातून करवून घ्यावे. कॅलेंडरवर मार्चमधली एक तारीख लाल शाईने लिहून ठेवावी. तोवर राणीला तिच्या हिवाळ्यात शांत झोपू द्या.